वाण्याच्या वहीतून विम्याच्या हप्त्यात

अमेरिकेत मोटारीचा विमा उतरवताना कंपनी गिऱ्हाइकाची कर्जफेड तपासते, हे संगणकाने आणलेलं खूळ वाटतं. पण ते बरंच जुनं आहे. १८९९मध्ये केटर आणि गाय वुलफोर्ड या भावांनी अटलांटात ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ काढली. आजची ‘इक्विफॅक्स’ ती हीच. उधारी वेळेवर कोण चुकती करतं, कोण रेंगाळतं, रोखीशिवाय कोणाला माल देऊ नये, याची यादी ते दुकानदारांना विकत. पुढे विमा कंपन्याही त्यांच्या गिऱ्हाईक झाल्या. आयुर्विम्याचा अर्ज आला की तपासनीस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशीला जाई: अर्जदार दारू किती पितो, घरात कुरबुरी आहेत का, चारचौघांत नाव कसं आहे. प्रकृती डॉक्टरने पाहायची, चालचलणूक याने.

या चौकश्यांवर १९६०च्या दशकात अमेरिकी संसदेत बरीच टीका झाली आणि १९७०मध्ये पतमाहितीचा कायदा आला. आपली नोंद काय आहे ते विचारण्याचा, चुकीवर हरकत घेण्याचा हक्क लोकांना मिळाला. पण विमा देताना पतमाहिती वापरण्याला त्याच कायद्याने मुभा दिली. माझ्या मते मेख इथेच आहे. नोंद खरी की खोटी, यावर भांडता येतं. ती विम्याला लावावीच का, यावर नाही. त्यामुळे १९९०च्या दशकात ‘फेअर आयझॅक’सारख्या कंपन्यांनी थकलेले हप्ते, कर्जाचा बोजा यांवरून विम्यासाठी वेगळे गुण काढले, तेव्हा वाट मोकळीच होती.

विमा कंपन्या म्हणतात, शेजाऱ्याच्या चहाडीपेक्षा आकडा बरा, शिवाय तो खरा ठरतो. हे खोडून काढता येत नाही. मोटार विम्यात हे गुण दाव्यांचा अंदाज देतात, असं संघीय व्यापार आयोगानेही २००७च्या अहवालात म्हटलं. मात्र कमी गुणांच्या गटात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोक प्रमाणाबाहेर आहेत, हेही त्यातच नोंदलं आहे. आणि नुसता अंदाज जुळतो म्हणून हप्ता वाढवायचा, तर नकार कशालाच देता येणार नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८मध्ये कौल दिला, की मोटार विम्याच्या दरात आधी चालकाची वाहतूक-नोंद, मग वर्षाकाठी किती मैल गाडी चालते ते, मग चालवण्याचा अनुभव, या क्रमाने वजन द्यावं. मोटारीचा दर ठरवताना पतगुण तिथे वापरता येत नाहीत, आणि विमा कंपन्यांचा धंदा तरीही चालूच आहे.