वेगळी चूल, एक ओटा

पंढरीनाथाच्या परिसरातील आमच्या वडिलोपार्जित घराचे स्वयंपाकघर गेल्या वर्षी आम्ही नव्याने बांधून घेतले. एवढ्याशा घरगुती घटनेवर लेख लिहावा असे तिच्यात वरवर पाहता काहीच नव्हते. परंतु भिंतीला पहिली पहार लागण्यापूर्वी घरात जे वाद झाले, आणि जुना गिलावा उतरल्यावर त्याखालून जे निघाले, त्यामुळे एक प्रश्न मनात घर करून राहिला : 'आपले जुने स्वयंपाकघर' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके कोणते स्वयंपाकघर आपल्या डोळ्यांसमोर असते? इंदुरातील ज्या मराठी घराण्यांची जुनी घरे अद्याप उभी आहेत, त्यांच्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे. म्हणून हा खटाटोप.

घरात दोन पक्ष होते. सुनांना धुता येतील अशा फरश्या, खण आणि कपाटे असलेले आधुनिक स्वयंपाकघर हवे होते. परगावी स्थायिक झालेल्या आमच्या धाकट्या भावाचा आग्रह मात्र असा, की चुलीचा कट्टा, भिंतीतले फडताळ आणि काळी पडलेली तुळई यांना हात लावू नये. हा आपला इतिहास आहे. ज्यांनी त्या खोलीत पन्नासांहून अधिक वर्षे स्वयंपाक केला, त्या आमच्या काकू मात्र काहीच बोलत नव्हत्या.

इतिहासाचे नाव निघालेच आहे, तर त्याच्याकडेच वळू. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. त्यानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली. अहिल्याबाईंच्या काळात कारभाराचे केंद्र महेश्वरी, नर्मदेच्या काठी होते. ते आता खान आणि सरस्वती या लहानशा नद्यांच्या संगमापाशी आले. दरबाराच्या मागोमाग कारकून, फडणीस, शास्त्री, वैद्य, पुजारी आणि शिलेदार अशी मराठी कुटुंबे येथे वसत गेली. त्यांनी देशावरच्या वाड्याचा आराखडा मनात आणला आणि तो माळव्याच्या काळ्या दगडात, मातीत व लाकडात उतरवला. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे आहेत. सामान्यांच्या घरांतही, आपापल्या ऐपतीप्रमाणे, हीच रीत होती. लाकूड आले की आगीचे भय आलेच. १९८४ च्या दंगलीत राजवाड्याचा मोठा भाग जळाला, तो आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिला आहे.

म्हणूनच वाड्यात चुलीची जागा सर्वांत मागे, परसाच्या बाजूला. ओसरी, चौक, माजघर आणि मग स्वयंपाकघर. ही मांडणी जशी आगीच्या आणि धुराच्या सोयीची, तशीच सोवळ्याओवळ्याच्या नियमांचीही. त्या खोलीत कोणी यावे, कोणी उंबऱ्याशी थांबावे, पाण्याच्या हंड्याला कोणाचा हात लागू नये, हे ठरलेले होते. भांडी घासणारी बाई मोरीपर्यंत येई. तिला चुलीचे दर्शन नसे. अनेक घरांत सगळा सोवळ्याचा स्वयंपाक एखाद्या बालविधवा आत्याच्या वा मावशीच्या माथी असे. तिचे सारे आयुष्य त्या दहा-बारा फुटांत जाई. जुन्या स्वयंपाकघराविषयी हळवे होताना इतिहासाची ही पाने आपण दुमडून ठेवतो. ती दुमडू नयेत.

चूल बैठी का होती, यालाही कारण होते. जळणाचा धूर तापून वर चढतो आणि छताखाली साचतो; जमिनीलगतची हवा त्या मानाने निवळ राहते. पाटावर बसलेल्या बाईचा श्वास त्यामुळे थोडा सुसह्य होई. चुलीशेजारचा वैल त्याच विस्तवाच्या उरलेल्या आचेवर आमटी गरम ठेवी. छतातल्या धुराड्यातून आणि कौलांच्या फटींतून धूर बाहेर जाई, आणि जाता जाता तुळयांवर काजळीचा थर चढवी. या धुराने लाकडाला कीड लागत नाही, असे जुने सुतार सांगत. लाकूड टिकले असेल. डोळे आणि छाती टिकत नसत.

श्रीमंतांनी या धुरावर आपल्या परीने उपाय शोधले. लालबाग राजवाड्याचे बांधकाम १८८६ ते १९२१ या काळात झाले. त्याचे मुदपाकखाने नदीच्या पलीकडच्या काठावर ठेवले होते आणि तेथून अन्न भुयारी मार्गाने राजवाड्यात येई. धूर, वास, गडबड आणि राबणारी माणसे, सारेच नजरेआड. जेवणाऱ्यापासून रांधणाऱ्याला दूर ठेवण्याचे याहून मोठे उदाहरण या शहरात नाही. आमच्या वाड्यांत भुयार नव्हते, एवढाच काय तो फरक. दूरपणा तोच होता.

या मागच्या खोल्यांची दखल घेणारा एक परका माणूस तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत येथे आला. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी इंदूरच्या दरबारासाठी तयार केलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ते दिवस प्लेगचे. गल्ल्या सरळ करण्यासाठी वाडे पाडावेत, हा त्या काळचा सरधोपट उपाय. गेडिस यांना तो मान्य नव्हता. पडका भाग तेवढा काढावा, उजेडाला आणि हवेला वाट करून द्यावी, उरलेले दुरुस्त करावे, असे त्यांचे म्हणणे. या पद्धतीला ते राखणारी शस्त्रक्रिया म्हणत. त्यांनी दिवाळीत शहरातून एक भव्य मिरवणूक काढली. ज्या रस्त्यांवर लोकांनी आपली घरे सर्वांत अधिक झाडून-सारवून दुरुस्त केली, त्याच रस्त्यांवरून ती गेली. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा तिच्यात होत्या, आणि सफाई कामगार सन्मानाने चालत होते. शहराचे आरोग्य घराच्या मागच्या दाराशी सुरू होते, हे त्यांनी लोकांना व्याख्यानाऐवजी उत्सवातून सांगितले.

त्या मागच्या दाराशी पडणाऱ्या राखेचा आणि पाल्यापाचोळ्याचाही इंदूरने विचार केला. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून १९३१ पर्यंत येथील वनस्पती-उद्योग संस्थेत होते. त्यांनी आणि यशवंत वाड यांनी शेतातला कचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन खत करण्याची रीत बसवली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, आणि १९३१ च्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथावर हॉवर्डांच्या जोडीने वाड यांचे नाव आहे. आज आपण ओला आणि सुका कचरा वेगळा करून गाडीत टाकतो, आणि २०२२ पासून ओल्या कचऱ्यापासून देवगुराड्याच्या प्रकल्पात वायू तयार होतो. या शहराला ही गोष्ट अगदीच नवी नाही.

स्वयंपाकघरातला खरा पालट मात्र जळणाने घडवला. स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास निघालेला दाबाचा रॉकेल स्टोव्ह आपल्याकडे आला, तो आधी चहापुरता. सोवळ्याच्या स्वयंपाकाला तो पुष्कळ काळ वर्ज्य होता. मग कोळशाची आणि भुशाची शेगडी आली. १९६५ मध्ये इंडेनचा गॅस देशात सुरू झाला आणि पुढच्या दोन दशकांत शहरी घरांत पसरला. धूर गेला, तशी बसण्याची सक्तीही गेली. ओटा कमरेइतका उंच झाला आणि बाई उभी राहिली. बाहेरच्या जगात हा विचार आधीच सुरू झाला होता. १९२६ मध्ये मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी साडेसहा चौरस मीटरांचे स्वयंपाकघर आखले. बाईची पावले आणि वेळ मोजून प्रत्येक फळीची जागा ठरवली, आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. त्यानंतर चारच वर्षांनी यशवंतराव होळकरांसाठी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस इंदुरात माणिकबाग बांधू लागले. म्हणजे युरोपातले आधुनिक घर तेव्हाच आमच्या गावात आले होते; आमच्या माजघरामागे पोचायला मात्र त्याला आणखी चाळीस वर्षे लागली.

दुसरा पालट पाण्याचा. १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंतसागर झाला, तरी वाढत्या शहराला पाणी पुरेना. १९७० च्या आंदोलनानंतर योजना मंजूर झाली आणि १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरांवरून, विंध्याचा चढ चढून इंदुरात आले. ज्या नर्मदाकाठावरून राजधानी उठली होती, तीच नर्मदा १६० वर्षांनी घरात आली. विहिरीवरून कळशा आणणे थांबले. मात्र त्याच पाण्याने वाड्यांना एक जखमही केली, ती आम्हांला गिलावा उतरल्यावर दिसली. जुन्या बांधणीत पाणी चौकातल्या मोरीत वा परसात राही. मातीच्या भिंतीजवळ ते जाऊ देत नसत. नळ आणि सिंक आत आले, वरून सिमेंटचा गिलावा झाला. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर निघून जाते. सिमेंटखाली ती कोंडली जाते. आमच्या भिंतीच्या पायथ्याची माती हाताने उकरता येत होती. तिला चुन्यानेच सांधावे लागले आणि नळाची वाट भिंतीपासून दूर, जमिनीवरून न्यावी लागली.

गिलाव्याखाली आणखी एक गोष्ट निघाली : विटांनी बुजवलेला एक दरवाजा. आमच्या भाषेत 'वेगळी चूल मांडणे' म्हणजेच वाटणी. अन्न, देवपूजा आणि संपत्ती यांत एकत्र असलेले ते एकत्र कुटुंब, असे कायद्याचे जुने वचन आहे. केवळ चूल वेगळी झाली म्हणून वाटणी सिद्ध होत नाही, असे न्यायालये सांगत आली. पण घरातल्या माणसांना त्यासाठी न्यायालयाची गरज पडत नाही. आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू यांच्या चुली वेगळ्या झाल्या, त्या दिवशी हा दरवाजा बुजला असावा. आमच्या पिढीला तो ठाऊकच नव्हता. तोवर गप्प असलेल्या काकू त्या दिवशी विटांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, याच्या पलीकडून तुझ्या धाकट्या आजी मला मीठ द्यायच्या. विटा पडल्यावर चौकातून फेरा घालून यायला लागायचे, ते तुझ्या आजोबांना खपत नसे."

धाकटा भाऊ म्हणाला, "मग काकू, हे सगळे असेच ठेवू या ना!" त्यावर काकू म्हणाल्या, "बाळ, काजळी ठेव की. पण मग त्या खोलीत तू राहा. माझ्या डोळ्यांत ती अजून आहे." त्यानंतर वाद झाला नाही.

आम्ही केले ते थोडक्यात असे. तुळया ठेवल्या, घासून त्यांना तेल लावले. सागाचे फडताळ दुरुस्त केले. चुलीचा कट्टा काढला आणि त्याजागी काळ्या कडप्प्याचा ओटा घातला. बाजारात मिळणाऱ्या मापाचा ओटा काकूंच्या खांद्याशी येई. म्हणून एक भाग त्यांच्या उंचीचा आणि दुसरा सुनांच्या उंचीचा, असा दोन पायऱ्यांचा केला. परसाकडची खिडकी मोठी केली आणि माजघराकडची भिंत अर्धी उतरवली, जेणेकरून रांधणाऱ्याला जेवणाऱ्यांचे बोलणे ऐकू यावे. आणि ज्या बाई आमच्याकडे भांडी घासायला येतात, त्यांची जागा बाहेरच्या मोरीवरून आत, त्याच सिंकपाशी आली. या शेवटच्या गोष्टीवर घरातल्या काही ज्येष्ठांनी नापसंती दाखवली. काकूंनी दाखवली नाही.

मग जुने ते कोणते? आजोबांना जुने वाटे ते सोवळ्यातले, वडिलांना शेगडीचे, आमच्या मुलांना १९८० च्या पांढऱ्या फरश्यांचे. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण त्या चुलीही कोणी ना कोणी दर वर्षी नव्याने लिंपतच असे. वाडा राखायचा तर गेडिस यांच्या शस्त्रक्रियेसारखा राखावा : दगड, लाकूड आणि चुना यांचा मान ठेवावा, आणि माणसाच्या श्वासाला जे अडवते तेवढे काढावे. नुसते जपण्याच्या हट्टाने वाडे पडतात, कारण मग त्यांत कोणी राहत नाही. आणि नुसत्या नव्याच्या हौसेनेही पडतात.

तो बुजवलेला दरवाजा उघडता आला नाही. पलीकडचा हिस्सा धाकट्या आजोबांच्या वारसांनी फार पूर्वी विकला. तेथे आज कापडाचे गोदाम आहे. आम्ही पुढच्या विटांचा एक थर काढून तेथे चुन्याचा कोनाडा केला. काकू त्यात मिठाची बरणी ठेवतात.