रिकाम्या खाटांचा हिशेब

युगांडाची राजधानी कंपाला टेकड्यांवर वसली आहे आणि त्यांतील काही टेकड्यांची ओळखच इस्पितळांमुळे झाली. मेंगो येथे १८९७ साली अँग्लिकन डॉक्टर अल्बर्ट कुक यांनी रुग्णसेवा आरंभली. १८९९ मध्ये रुबागा येथे कॅथलिक मिशनऱ्यांनी आणि १९०३ मध्ये न्साम्ब्या येथे मदर केव्हिन व त्यांच्या सहकारी धर्मभगिनींनी तोच कित्ता गिरवला. इदी अमीनच्या राजवटीत (१९७१-७९) सरकारी आरोग्यव्यवस्था कोलमडली, तेव्हा ख्रिस्तसभेची इस्पितळे हाच अनेकांचा आधार होता.

असे असूनही १९९० च्या दशकात याच इस्पितळांतील रुग्ण कमी होऊ लागले. आजार ओसरले होते म्हणावे, तर एड्सने घरेच्या घरे उजाड केली होती. कारण हिशेबाच्या वहीत दडले होते. परदेशी धर्मभगिनी वेतन घेत नसत. त्यांच्यामागोमाग युरोपातून औषधे व देणग्याही येत. युरोपात पाचारणे रोडावली, वृद्ध भगिनी मायदेशी परतल्या. त्यांच्या जागी आलेल्या स्थानिक परिचारिकांना पगार देणे भाग होते, आणि ते न्याय्यही होते. मात्र तो भार अखेर आजाऱ्याच्या खिशावर पडला. शुल्क वाढले तसा गरीब दारातूनच मागे फिरला; रुग्ण घटले म्हणून दर रुग्णामागचा खर्च चढला; तो भरून काढण्यास शुल्क पुन्हा वाढले. शिवाय सुई, औषध, तपासणी यांचे पैसे वेगवेगळे. एकूण आकडा किती होईल, हे आजाऱ्याला घरून निघताना ठाऊक नसे. माझ्या मते, शुल्काच्या रकमेइतकीच ही अनिश्चितता त्याला भेडसावत असावी.

१९९७-९८ पासून सरकारने या इस्पितळांना अनुदान दिले. कॅथलिक वैद्यकीय मंडळाचे फादर दानिएले जुस्ती, स्वतः डॉक्टर, यांनी आग्रह धरला की हा पैसा शुल्क उतरवण्यास वापरावा. अनेक इस्पितळांनी ठरावीक, आधीच कळणारे शुल्क ठेवले. स्त्रिया व बालके यांच्यासाठी ते आणखी कमी केले. मार्च २००१ मध्ये सरकारने आपल्या दवाखान्यांतील शुल्क रद्द केले आणि तिकडे झुंबड उडाली. तरीही दर उतरवलेल्या मिशन इस्पितळांतील खाटा पुन्हा भरू लागल्या.

पुढे सरकारी पगार वाढले, अनुदान मात्र त्या मानाने वाढले नाही. परिचारिका सरकारी नोकरीकडे वळल्या आणि व्यवस्थापकांच्या टेबलावर शुल्कवाढीचा कागद पुन्हा आला.