जीवसृष्टीचे चिरस्थायित्व आणि निवडीचे तत्त्व

चाळीसगावच्या दक्षिणेस कन्नडचा घाट चढू लागले म्हणजे सातमाळा-अजिंठ्याची ही रांग काळ्या पाषाणाचे थरांवर थर साचून घडली आहे, हे ध्यानी येते. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनवर वारंवार पसरलेला लाव्हा तो हाच. त्याच युगसंधीस प्राणिजातींचा मोठा संहार झाला. त्यात अशनिपाताचा वाटा किती व लाव्ह्याचा किती, हा वाद मिटलेला नाही. परंतु जीवसृष्टी टिकली, आणि त्यापूर्वीही ती तीनशे कोटींहून अधिक वर्षे अखंड टिकली होती. हा केवळ योग म्हणावा काय?

डार्विनने १८५९ मध्ये मांडलेले निवडीचे तत्त्व येथे सरळ लागू पडत नाही. निवडीस प्रतिस्पर्धी हवेत, संतती हवी. पृथ्वी तर एकटी आणि निःसंतान. जीवसृष्टीच पृथ्वीचे हवामान जगण्याजोगे राखते, असे लव्हलॉक व मार्गुलिस यांनी १९७४ मध्ये प्रतिपादिले, तेव्हा फोर्ड डूलिटल यांनी १९८१ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. पुढे २०१४ मध्ये त्याच डूलिटल यांनी, संततीवाचून केवळ टिकून राहण्यानेही निवड घडू शकेल, असा पक्ष मांडला. आपल्या आक्षेपाचे उत्तर स्वतःच शोधणारे टीकाकार विरळाच.

या दोन प्रकारांतील भेद आपल्याच परिसरात पाहावा. पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला. मठ आज नाही. ‘लीलावती’ उरली ती प्रतींवरून प्रती होत गेल्यामुळे. त्या मठाची हकीकत सांगणारा शके ११२८ च्या सुमाराचा शिलालेख मात्र प्रतीवाचून, निव्वळ न झिजल्यामुळे उरला. पहिली रीत डार्विनची, दुसरी डूलिटल यांची.

टिकण्याचे साधन कोणते, याचे एक उत्तर या पाषाणातच आहे. ज्वालामुखीतून कर्बवायू निघतो व उष्मा वाढतो. उष्मा व पाऊस वाढला की पाषाण लवकर झिजतो, झिजताना तोच वायू शोषतो, आणि तितूर, गिरणा, तापी यांच्या पाण्यातून तो विद्राव्य रूपाने समुद्रास मिळून अखेर चुनखडीत बंदिस्त होतो. वनस्पतींची मुळे ही झीज वाढवितात. ज्या व्यवस्थेत असा आवर नसेल ती मोडते. आवर असलेली पुढे चालते. येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे : हा आवर मुळात रासायनिक आहे. जीव नसता तरी तो मंदपणे चालला असता. म्हणून सारे श्रेय जीवांस देणे मला अवाजवी वाटते.

लाव्ह्याच्या दोन थरांमधील गाळाचा पुरावाही जपून वापरावा. मुंबईच्या अशा गाळातील बेडकांचे अवशेष ओवेन यांनी १८४७ मध्ये वर्णिले. नागपूरजवळ टाकळी येथे हिस्लॉप यांना गोड्या पाण्यातील शंख सापडले. यावरून लाव्हा निवल्यावर जीव परतले एवढे सिद्ध होते. ते परतले शेजारच्या प्रदेशातून. ग्रहाला असा शेजार नाही.

याहून बिकट आक्षेप अँड्र्यू वॉटसन यांनी २००४ मध्ये पुढे आणला. निर्जीव झालेल्या ग्रहावर हा प्रश्न विचारावयास कोणी उरत नाही. म्हणून आपले असणे हा निवडीचा पुरावा ठरत नाही. इतर ताऱ्यांभोवतालच्या ग्रहांची वातावरणे तपासून जीवधारी ग्रह किती व ते किती वयाचे, हे कळले, तरच योग आणि निवड यांचा निवाडा करता येईल.