नकलांनी तगवलेला राजकुमार

२०१२ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सिस मेक्नर यांनी घर आवरायला काढलं. कपाटात मागे पडलेलं मुलाचं जुनं सामान त्यांनी खोक्यात भरलं आणि त्याच्याकडे धाडून दिलं. त्यात साडेतीन इंची फ्लॉपी निघाल्या. त्यांवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमचा मूळ सोर्स कोड होता. त्यांचा मुलगा आणि गेमचा कर्ता जॉर्डन मेक्नर यांनी तो हरवला असंच धरलं होतं.

हा गेम १९८९ साली ॲपल टू संगणकावर आला. जॉर्डन यांनी धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्याबरहुकूम राजकुमाराची एकेक हालचाल रेखाटली. संगीत वडिलांचं. एकूण घरचंच कार्य! पण ॲपल टूचे दिवस भरत आले होते, त्यामुळे विक्री बेताचीच झाली. डॉससारख्या इतर यंत्रणांवर उतरल्यावर मात्र राजकुमार जगभर पळत सुटला.

नव्वदच्या दशकात तो महाराष्ट्रातल्या कॉम्प्युटर क्लासमध्येही पोचला, बहुधा कुणाच्या तरी फ्लॉपीवरून उतरवून घेतलेला. डॉसच्या गेममध्ये पहिली लेव्हल संपली की अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची खोली येई. कोणती प्यायची ते सोबतच्या छापील पुस्तिकेत पाहून ठरवायचं. चुकीची प्यायली की ती महागात पडे. नक्कल करणाऱ्यांना अडवायची ही युक्ती. फुकट्या खेळाडूंकडे पुस्तिका कुठली असणार? ते नशिबावर हवाला ठेवून बाटली उचलत.

कंपन्या ज्याला चोरी म्हणत, त्या नकलांनीच असे कितीतरी गेम तगवले, हे मान्य करायला हवं. पण नक्कल खेळता येते. तो खेळ घडला कसा, ते तिच्यातून सहजी कळत नाही. उदाहरणार्थ, ॲपल टूच्या तुटपुंज्या मेमरीत नव्या शत्रूची चित्रं मावेनात, म्हणून मेक्नर यांनी राजकुमाराचीच आकृती जरा सरकवून तिच्यावरच चढवली. त्यातून त्याचा सावलीसारखा वैरी जन्मला. असे डावपेच कोडमध्ये दिसतात.

पण फ्लॉपीवरचं चुंबकीय लिखाण काळाबरोबर विरत जातं. त्यामुळे एप्रिल २०१२मध्ये इंटरनेट अर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि जुन्या ॲपल यंत्रांचे जाणकार टोनी डियाझ मदतीला आले. फ्लॉपी वाचल्या गेल्या आणि कोड गिटहब या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला झाला.

असं नशीब थोड्यांचंच. अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीत आढळलं.

आणि कंपनीच्या सर्व्हरवर विसंबणाऱ्या अलीकडच्या गेमना तर नक्कलही तारत नाही. युबिसॉफ्ट कंपनीच्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले, तेव्हा पैसे मोजून घेतलेली डिस्क हातात असूनही खेळ सुरू होईना. त्यावरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. कंपनीने हात झटकले तरी विकलेला गेम खेळता येईल अशा स्थितीत सोडावा, ही तिची मागणी. युरोपात तिच्यामागे २०२५मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या.