वारांची यादी

गेल्या जूनमध्ये रत्नागिरीतील एका महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाचा कारभार माझ्याकडे आला, तेव्हा सेवानिवृत्त होणाऱ्या वृद्ध लिपिकांनी कपाटाच्या दोन किल्ल्या, आवक-जावकीची वही आणि त्रुटींसाठी परत आलेल्या अर्जांची फाईल रीतसर माझ्या स्वाधीन केली, आणि सर्वांत शेवटी, काहीशा संकोचाने, निळ्या शाईने लिहिलेली चार पानांची एक खासगी यादी पुढे ठेवली. तीत अर्जांचे क्रमांक नव्हते. 'वडील होडीवर, बंदीच्या दिवसांत, जून-जुलैत भेटतील', 'आंब्याच्या हंगामात बागेत कामाला, गैरहजेरी धरू नये', 'आजीजवळ राहतो, दाखल्यासाठी मामाला निरोप धाडावा', अशा नोंदी एकेका नावापुढे होत्या. पदभार देण्याघेण्याच्या छापील नमुन्यात या कागदाला रकानाच नव्हता. आणि तरीही माझी खात्री आहे की, त्या दिवशी मी जो कारभार घेतला, तो मुख्यतः त्या चार पानांचा होता.

आमच्या या मुलखात अशा याद्यांची परंपरा जुनी आहे. खेड्यातून इंग्रजी शाळेसाठी शहरात आलेला गरीब ब्राह्मणाचा मुलगा पूर्वी सात घरी सात वार लावून जेवत असे. सोमवार कोणाकडे आणि गुरुवार कोणाकडे, हा त्याचा पहिला पाठ असे, आणि एखाद्या घरी सुतक आले किंवा यजमान गावाला गेले, तर तो वार रिकामा जाई अथवा माधुकरीवर भागे. ज्या घरची माउली मुलाचा चेहरा पाहून भाताचा दुसरा ढीग न विचारता वाढी, तिच्याइतका दक्ष साहाय्याधिकारी कोणत्याही दफ्तरात झाला नसेल. परंतु ज्या घरी त्याला सर्वांच्या शेवटी, पडवीत, उरलेले वाढले जाई, तेथील घास कित्येकांच्या गळ्यात जन्मभर अडकून राहिला, हेही तितकेच खरे. आणि याहून मोठे सत्य असे की, भंडाऱ्याच्या, कुणब्याच्या, खारव्याच्या, महाराच्या मुलाला त्या घरांचा उंबरठाच बंद होता. वाराच्या प्रथेचे गुणगान मी पुष्कळ ऐकले आहे. ते ऐकताना त्या यादीत कधीच न आलेल्या नावांचा विसर मला पडू देववत नाही.

दरबारी द्रव्याची कथाही याहून वेगळी नव्हती. कोकणातूनच वर गेलेल्या पेशव्यांनी श्रावणमासात पुण्यास जी दक्षिणा वाटली, ती विद्वान ब्राह्मणांपुरती होती. १८१८ नंतर कंपनी सरकारने तिला कात्री लावली, १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली, आणि पुढे त्याच निधीतून महाविद्यालयीन दक्षिणा-फेलो नेमले गेले.

कोकणी घरांचा खरा आधार मात्र घरातल्याच कोणाच्या तरी त्यागावर उभा होता. कोतळूकला १८६६ साली जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील वारले, तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये दरमहा धाकट्याला पाठविले. पंधरांतून आठ वजा जाता जे सात उरले, त्यांत गोविंदरावांचा संसार कसा चालला असेल, या हिशेबापाशी मी नेहमी थबकतो. मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी आणि त्यांच्या गाववाल्यांनी पुढे मिळकतीतला हिस्सा बाजूस काढून मुरूड फंड उभा केला, तो याच वृत्तीचा विस्तार होय: भावाने भावासाठी केलेले गावाने गावासाठी करावे.

आणि तेव्हाच्या याच जिल्ह्यातील केळूसचे कृष्णराव अर्जुन केळुसकर! मुंबईच्या बागेत पुस्तक वाचीत बसणारा एक मुलगा त्यांनी हेरला, इंटर झाल्यावर त्याच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, आणि मंडणगड तालुक्यातील आंबडव्याच्या घराण्यातील भीमराव आंबेडकर यांना संस्थानाकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१३ साली कोलंबियास जाण्यापूर्वी त्यांना संस्थानची दहा वर्षे चाकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागला. आणि ती चाकरी करण्यास ते बडोद्यास गेले, तेव्हा त्यांना राहावयास जागासुद्धा मिळू नये, हे वाचताना आजही मन विषण्ण होते. पैसा मिळाला होता. उंबरठा तसाच होता. म्हणूनच व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून रक्कम मागून घेतली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती चालू झाली, याचे मोल मी फार मानतो. येथे यजमानाची मेहेरबानी संपून हक्काचा आरंभ झाला.

रत्नागिरीत महाविद्यालय निघाले ते त्यानंतरच्या वर्षी, १९४५ साली; तोवर पुढे शिकणाऱ्या मुलाला मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा सांगली गाठावी लागे, आणि वाटखर्चापायीच कित्येकांचे शिक्षण थांबे. १९५९ साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी ई.बी.सी.ची फी-माफी आली, आणि मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालणाऱ्या आमच्या घरांत ती तीन इंग्रजी अक्षरे एखाद्या नातलगाच्या नावासारखी रुळली. आता अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरला जातो, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात, आणि मध्ये कोणाचा हात राहत नाही. ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र खाते आधारशी जोडलेले नसेल, तर यंत्र एका ओळीत नकार देते, आणि त्या ओळीचा अर्थ मिरकरवाड्याच्या धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या आईला कोणीतरी समजावून द्यावा लागतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या यादीतले एक गृहस्थ खरोखरच आले. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, पाऊस संततधार, हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला तहसीलदारांचा दाखला. दारातूनच त्यांनी आमच्या जुन्या लिपिकांचे नाव घेऊन चौकशी केली. ते निवृत्त झाल्याचे मी सांगितले, खुर्ची पुढे केली, आणि मुलाचे नाव विचारण्याऐवजी मीच ते सांगितले. गृहस्थ बसले. दाखला टेबलावर ठेवण्यापूर्वी त्यांनी आपल्या खांद्यावरच्या पंच्याने तो दोन्ही बाजूंनी पुसून घेतला.