कामगंध सापळ्यात नर पतंगच का सापडतात? पतंगाच्या मिशांमधील प्रथिनांचे कार्य

कपाशीतील कामगंध सापळ्यात सकाळी जे गुलाबी बोंडअळीचे पतंग दिसतात, ते नर असतात. अंडी घालणारी मादी या गंधाकडे येत नाही. त्यामागचे कारण समजले, तर सापळ्याकडून किती अपेक्षा ठेवायची हेही कळते.

मादी रात्री पोटाच्या टोकाकडील ग्रंथीतून गंध सोडते. नराच्या मिशांवर बारीक केस असतात आणि त्या केसांना सूक्ष्म छिद्रे असतात. गंधाचा कण छिद्रातून आत शिरतो, पण आत पाण्यासारखा द्रव असतो आणि गंध तेलकट. तो द्रवात सहज मिसळत नाही. म्हणून तेथील गंधवाहक प्रथिन त्याला आपल्या पोकळीत धरून चेतापेशीपर्यंत पोहोचवते. पेशीच्या आवरणावरील ग्राहक प्रथिनाशी कण जुळला, तरच मेंदूकडे संदेश जातो. काम झाले की विकरे त्या कणाचे तुकडे करतात. जुना वास असा पुसला गेला नाही, तर वाऱ्यावर तुटक तुटक येणाऱ्या नव्या गंधाचा माग नराला काढता येणार नाही.

ही ग्राहक प्रथिने फार चोखंदळ असतात. गुलाबी बोंडअळीचा गंध म्हणजे दोन जवळपास सारख्या घटकांचे साधारण समसमान मिश्रण. त्याचेच ल्युर म्हणजे गॉसिप्ल्युर. हेलिल्युर घाटेअळीचे, स्पोडोल्युर तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचे. चुकीचे ल्युर लावून ‘पतंग नाहीत’ असे समजणे महागात पडते. एका सापळ्यात एकच ल्युर लावावे, ते स्वच्छ हातांनी हाताळावे, दिलेल्या मुदतीत बदलावे आणि जुने ल्युर शेतात टाकू नये.

मादीचे काम वेगळ्या प्रथिनांवर चालते. लिंबावरील फुलपाखराची मादी पानावर पुढच्या पायांनी टपटप करते, ते तुम्ही पाहिले असेल. ती पानाची चव घेत असते. चव ओळखणारी प्रथिने तिच्या पायांवर असतात. झाड योग्य वाटले तरच ती अंडी घालते.

त्यामुळे हेक्टरी ५ सापळे लावले म्हणजे बोंडअळी आटोक्यात आली, असे मानू नका. एक नर अनेक माद्यांशी मिलन करू शकतो. हे सापळे पतंग मोजण्यासाठी आहेत. प्रति सापळा ८ पतंग सलग ३ दिवस आढळले, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजावे. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ही मोजणी टाळू नये.

मिलनात अडथळा आणण्याची पद्धत याच प्रथिनांचा फायदा घेते. शेतभर कृत्रिम गंध पसरवला की नराच्या मिशा बधिर होतात, तो खोट्या मागावर भटकतो आणि मादी अंडी फळण्याविना राहते. अमेरिकेत बीटी कपाशी आणि वंध्य पतंगांबरोबर ही पद्धतही वापरली गेली. तेथील कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. मात्र एकट्या दोन एकरांत ती फारशी चालत नाही, कारण शेजारच्या शेतात मिलन झालेली मादी उडून तुमच्या कपाशीवर येते. गंध पसरवायचा असेल तर आधी बांधाशेजारच्या शेतकऱ्यांशी बोलून सलग क्षेत्र ठरवा.