मनोरीची ओटी आणि बंगल्याचा व्हरांडा

मालाडच्या पश्चिमेस मार्वे येथून बोटीने खाडी ओलांडली की मनोरीचा धक्का लागतो. गोराई आणि उत्तनसह हे गाव ज्या धारावी बेटावर वसले आहे, त्याचा शहरातील धारावीशी नावापलीकडे संबंध नाही. शहरातून येणारा पाहुणा येथे दोन निरनिराळ्या वास्तूंना सरसकट बंगला म्हणतो. एक गावठाणातील, म्हणजे मूळ वस्तीच्या हद्दीतील, जुने कौलारू घर. दुसरी समुद्राकडे तोंड केलेली, कुंपणाआडची सुटीची वास्तू. दोन्हींचे छप्पर उतरते आणि दोन्हींच्या दर्शनी भागात उघडी, सावलीची जागा. मात्र ही जागा कशासाठी ठेवली, याचे उत्तर दोन्हीकडे वेगळे आहे, आणि बंगल्याच्या आकर्षणाचा विचार या फरकापासूनच करावा लागतो.

आधी गावठाणातील घर. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि पुढील दोन शतकांत या किनाऱ्यावरील अनेक शेतकरी, कोळी व कारागीर कुटुंबे ख्रिस्ती झाली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत वसई मराठ्यांकडे आली, १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली; राज्ये बदलली तरी ही कुटुंबे भातशेती आणि मासेमारी करीत तेथेच राहिली. गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखवण्यासाठी त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले आणि १८८७ मध्ये त्याच नावाची संघटना स्थापन केली. घरी मात्र ते मराठीचीच एक बोली बोलत राहिले, आणि त्यांच्या घराची मांडणीही कोकणातील घराच्या नात्यातली राहिली. पुढे ओटी, आत मधली खोली, मागे स्वयंपाकघर, वर माळा. त्यात पोर्तुगीज वळणाची भर पडली ती लाकडी कठड्यांची, बाहेरून चढणाऱ्या जिन्याची आणि दाराबाहेरच्या क्रुसाची.

ओटी म्हणजे दारापुढची, जोत्यावर उंच घेतलेली, छपराखालची बसण्याची जागा. सुमारे २,२०० मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत झोडपणाऱ्या या पट्ट्यात भिंती कोरड्या ठेवायच्या तर छप्पर पुढे काढणे भागच असते, आणि त्याखाली तयार झालेली जागा कष्टकरी घर रिकामी ठेवत नाही. जाळी तेथेच दुरुस्त होतात, धान्य तेथेच पाखडले जाते, आणि उन्हाळ्यात वाळवून भाजलेल्या मिरच्या व मसाल्याचे जिन्नस कुटून बाटल्यांत ठासून भरले जातात. ‘बॉटल मसाला’ हे नाव त्यावरूनच पडले. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत आणायचे ‘उंबराचे पाणी’ याच दारी येते.

छपराचाही स्वतंत्र इतिहास आहे. जुनी नळीची कौले वाऱ्याने आणि कावळ्यांनी हलत, त्यामुळे पावसापूर्वी दरवर्षी शाकारणी, म्हणजे ती उतरवून नव्याने रचणे, करावी लागे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि तेथील एकमेकांत खाचेने अडकणारी चपटी कौले जलमार्गाने किनाऱ्यावर पसरल्यावर हा वार्षिक व्याप बराच कमी झाला. आज ‘पारंपरिक’ म्हणून मिरवणारे लाल छप्पर बहुधा याच कारखानदारीचे अपत्य आहे.

बंगल्याची वंशावळ वेगळी. सतराव्या शतकात बंगालमधील ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या नोकरांनी तेथील झोपडीवजा घराचा नमुना उचलला, त्याभोवती व्हरांडा फिरवला आणि सभोवार मोकळे आवार राखले. छावणीत आणि थंड हवेच्या ठिकाणी हे आवार साहेबाला वस्तीपासून दूर ठेवी. १८७० च्या सुमारास इंग्लंडच्या केंट परगण्यात, बर्चिंग्टन येथे, समुद्रकाठी सुटीसाठी बंगले उभे राहिले आणि हे घर सत्तेऐवजी फुरसतीचे चिन्ह बनले. मुंबईकरांनी उचलला तो हाच दुसरा अर्थ. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीची धास्ती भरवली, १९२८ मध्ये बोरीवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या, आणि उपनगरात ऐपतीप्रमाणे बंगले उठले. गिरगावातील खोताच्या वाडीत व्हरांडा आणि ओटी एकाच घरात नांदताना दिसतात. मनोरीत मात्र बंगल्याने गावाकडे पाठ केली.

गावठाणातील घरे टिकली याचे श्रेय वारसाप्रेमापेक्षा खाडीला अधिक द्यावे लागेल. मार्वेहून पूल झाला नाही, भाईंदरमार्गे येणारा रस्ता लांबचा, आणि १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर निर्बंध आणले. त्याच निर्बंधांमुळे वाढत्या कुटुंबाला घर वाढवणे अवघड होते आणि ओटीवर जाळी किंवा सरकत्या काचा बसवून एक खोली काढली जाते. बाहेरच्याने त्याला सौंदर्यहानी म्हणणे सोपे आहे.

दरम्यान वास्तुरचनाकार उलट दिशेने चालले आहेत. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा या २८ मजली इमारतीत जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याचे तत्त्व उंच गच्च्यांच्या रूपाने वर नेले. बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ मध्ये अलिबागजवळ नांदगाव येथे बांधलेल्या पामायरा हाउसच्या दर्शनी पट्ट्या ताडाच्या खोडाच्या आहेत. ताड धारावी बेटावरही मुबलक आहे. पण तेथे घर वाढवणाऱ्याच्या हाती आज लागतो तो बाजारातला पत्रा आणि अ‍ॅल्युमिनियम, कारण तो स्वस्त पडतो आणि बसवणारा माणूस दुसऱ्या दिवशी येतो.